नाशिकहून युरोपला चाललात? नमाज, रोजा, हिजाबचं आधी बघून ठेवा

वडाळा, जुन्या नाशकातली बरीच पोरं-पोरी आता शिकायला नाहीतर नोकरीला युरोपात चाललीत, आणि घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, तिकडे नमाज-रोजा जमेल का. जमतं हो, फक्त आधी देश बघा, कारण सेक्युलर म्हटलं तरी प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. फ्रान्समध्ये 2004 च्या कायद्याने सरकारी शाळेत हिजाब बंद, 2010 च्या कायद्याने चेहरा झाकून बाहेर फिरायचं नाही, पण युनिव्हर्सिटीत पोरगी स्कार्फ बांधून बसली तर कायदा आडवा येत नाही, हे न बघताच लोक घाबरवून सोडतात. नोकरीत मात्र कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा, कंपनीने सगळ्याच धर्मांच्या खुणांना बंदी घातली असेल तर युरोपियन युनियनच्या कोर्टाने 2017 ला ते मान्य केलंय (म्हणायला सगळ्यांना सारखं, नडतं कुणाला ते दिसतंच आहे).

जर्मनीत पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना येतो, दचकू नका, तो चर्च टॅक्ससाठी असतो, इन्कम टॅक्सच्या 8 नाहीतर 9 टक्के, मुसलमानांना लागत नाही.

आता नमाज. किबला (नमाजला तोंड करायची मक्केची दिशा) इथे पश्चिमेला, तिकडे आग्नेयेला, सवयीने पश्चिमेकडे तोंड करून उभे राहू नका. नमाजच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपमध्ये असरला (दुपारनंतरची नमाज) हनफी (आपल्या मोहल्ल्यात चालते ती पद्धत) सेटिंग करा, नाहीतर आपल्या मोहल्ल्यापेक्षा वेळ बरीच आधीची दाखवतं. डिसेंबरात बर्लिनला सूर्य चारच्या आतच मावळतो, म्हणजे जोहर (दुपारची), असर, मगरिब (सूर्यास्ताची) तिन्ही नमाज ऑफिसातच, आणि जूनमध्ये उलटं, मगरिबच साडेनऊला, रात्र पूर्ण काळोखी होतच नाही म्हणून ईशा-फजरला (रात्रीची आणि पहाटेची नमाज) प्रत्येक ॲप वेगळं सांगतं, तेव्हा ॲपशी भांडत बसण्यापेक्षा जवळच्या मशिदीचं टाइमटेबल घ्या आणि तेच धरा. जर्मनीत मशीद बहुतेक तुर्की लोकांची निघेल, खुतबा (शुक्रवारचं प्रवचन) कळला नाही तरी नमाज तीच.

वुजूचं (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) सगळ्यात अवघड, ऑफिसच्या बेसिनमध्ये पाय वर केला की लोक बघत राहतात. त्याला उपाय म्हणजे चामड्याचे मोजे, खुफ्फैन. सकाळी घरी पूर्ण वुजू करून घालायचे, मग वुजू तुटला की दिवसभर मोज्यांवरून ओला हात फिरवला (याला मसह म्हणतात) की झालं, प्रवासात नसलेल्या माणसाला चोवीस तासांची मुभा आहे. इथूनच एक जोडी घेऊन जा.

जुम्मा (शुक्रवारची दुपारची नमाज) शक्यतो लंच ब्रेकमध्ये बसतो, पण जॉइन होतानाच बॉसशी सरळ बोला, गुपचूप गायब झालात तर तेच खटकतं. रोज्याचं टेन्शन सध्या नको, 2026 चा रमजान फेब्रुवारी-मार्चातला आणि पुढची काही वर्षं थंडीतलाच, दिवस लहान.

खाण्यात मटणापेक्षा गोळ्या-चॉकलेटचं जिलेटिन जास्त फसवतं, पाकिटावर श्वाइन दिसलं की ते डुकराचं. आणि जर्मनीत जनावर बेशुद्ध न करता कापायला खास परवानगी लागते, म्हणून नुसती हलालची पाटी बघून घेऊ नका, मटण कुठून येतं, कसं कापलेलं आहे ते दुकानदाराला विचारा, तुर्की दुकानदार सांगतात, फक्त गर्दीच्या वेळी विचारू नका.