सामाईक घर विकायचं, पण भावंडांत एकमत नाही: कुठून सुरुवात करावी

वडील गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. मुलुंडला सोसायटीत त्यांच्या नावावर वन बीएचके आहे. थोरला भाऊ आईसोबत तिथंच राहतो, बहिणीचं सासर ठाण्याला, धाकटा डोंबिवलीत भाड्याने. धाकट्याला घर विकून आपले पैसे हवेत. थोरला म्हणतो, आई आहे तोवर हा विषय काढायचा नाही. आईला कोणी विचारलेलं नाही. मुंबईतल्या बहुतेक वादांचा साचा हाच असतो, म्हणून पुढचं सगळं हेच कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून लिहितो.

अशा घरात पहिलं बोलणं किमतीवर होतं आणि गाडं तिथंच अडतं. आधी कोणाचा हिस्सा किती ते ठरवा. मग घरातलं कोणी ते विकत घेऊ शकतं का ते पाहा. बाहेरच्या गिऱ्हाइकाचा नंबर त्यानंतर. कायदाही जवळपास याच क्रमाने चालतो.

पहिली पायरी: हिस्से कागदावर मांडा

मूळ खरेदी करार, त्याचा इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि कर्ज असल्यास बँकेचं पत्र एका फाइलमध्ये लावा. प्रत्येक वारसाकडे त्याची प्रत हवी. एकाच्याच कपाटात कागद राहिले की संशय सुरू होतो.

वडिलांनी स्वकमाईने घेतलेलं घर आणि मृत्युपत्र नाही, अशा वेळी हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, सगळ्यांना समान वाटा मिळतो. आपल्या उदाहरणात आजी हयात नाही, म्हणून आई, दोन भाऊ आणि बहीण यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा. मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला, हा समज अजून घट्ट आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीचा समान वाटा १९५६ पासूनच आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी जन्मानेच हिस्सेदार झाली. शिवाय, भावांनी वाटणी काढेपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे, ते कलम २३ रद्द झालं. लग्नात काय दिलं, याचा या हिश्शाशी संबंध नाही. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना मात्र वारशाचे वेगळे नियम लागू होतात.

आता नॉमिनी, म्हणजे वडिलांनी सोसायटीत नोंदवून ठेवलेलं नाव. थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून लागलेलं असतं आणि तो मनापासून समजतो की घर आपलं झालं. तसं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली आलेल्या तरतुदीनुसार नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सदस्य करून घेते, खऱ्या वारसांची नावं लागेपर्यंत. मालकी कोणाची हे सोसायटीची कमिटी ठरवत नाही, त्यामुळे सेक्रेटरीशी भांडून काही हाती लागत नाही.

घर पागडीचं, म्हणजे एकरकमी रक्कम देऊन घेतलेलं जुनं भाड्याचं, असेल तर हे गणितच बदलतं. तिथं विकायला मालकी नसते, भाडेकरूचा हक्क असतो, आणि वडिलांच्या मृत्यूवेळी त्यांच्यासोबत कोण राहत होतं याला मोठं महत्त्व येतं. त्यासाठी भाडे नियंत्रणाची कामं करणारा वकील गाठा.

दुसरी पायरी: राहणाऱ्याला आधी विचारा, पण तारीख घालून

सरकारमान्य मूल्यांककाकडून बाजारभाव काढा. दोन बाजू असतील तर दोन मूल्यांकक नेमा आणि सरासरी धरा. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, तो बाजारभाव समजू नका.

समजा किंमत १ कोटी ६० लाख निघाली. प्रत्येकाचे ४० लाख. आईला आपला हिस्सा स्वतःकडेच ठेवायचा असेल, तर थोरल्याने धाकट्याला आणि बहिणीला ४०-४० लाख दिले की घर आई आणि त्याचं. त्याला गृहकर्जाची चौकशी करायला वेळ द्या, माझ्या मते सहा महिने पुरेसे आहेत, आणि ती तारीख सगळ्यांच्या सह्यांनी लिहून ठेवा. तोंडी मुदत कधीच संपत नाही.

इथंच हिशेबाचा वाद निघतो. ‘इतकी वर्षं मेंटेनन्स मी भरला,’ असं थोरला म्हणणार. महिन्याचा मेंटेनन्स हा तिथं राहण्याचा खर्च आहे, तो भावंडांच्या हिश्शातून कापू नये असं मला ठामपणे वाटतं. पण वडिलांचं कर्ज त्याने फेडलं असेल किंवा इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी भरली असेल, तर पावत्या पाहून ती रक्कम त्याला मिळालीच पाहिजे. घराचा काही भाग भाड्याने दिला असेल, तर ते भाडंही सगळ्यांचं.

आईशी मात्र वेगळं, एकटीशी बोला. ती चौथ्या हिश्श्याची मालक आहे. घर विकलं तर ती कुठं राहील, कोणासोबत, तिच्या पैशाचं काय, याची उत्तरं मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

तिसरी पायरी: हक्कसोडपत्र वाचल्याशिवाय अंगठा नाही

घरातल्या घरात जमलं तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र होतं, म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या वारसाच्या लाभात सोडल्याचा कागद. कार्यालयात फोटो निघतो, अंगठा यंत्रावर ठेवला जातो, साक्षीदार सह्या करतात आणि थोड्या वेळात काम संपतं. म्हणून मसुदा आदल्या दिवशीच घरी वाचा. दोन जागा बारकाईने पाहा. एक, हिस्सा कोणाच्या लाभात सोडताय: एकट्या भावाच्या की आईसकट बाकी सगळ्यांच्या? दोन, ‘विनामोबदला’ हा शब्द. तुम्हाला ४० लाख मिळणार असतील आणि मसुद्यात ‘विनामोबदला, प्रेमापोटी’ लिहिलं असेल, तर थांबा. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी असं सुचवलं जातं, कारण पैसे न घेता जवळच्या नातलगाच्या लाभात वडिलोपार्जित हिस्सा सोडला तर शुल्क नाममात्र असतं. पण उद्या पैसे आले नाहीत तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. रक्कम, चेकचा नंबर, तारीख सगळं लिहून घ्या.

बहिणींनो, ‘फक्त सोसायटीच्या कामासाठी सही हवी’ म्हणून समोर आलेला कागद हक्कसोडपत्र असू शकतो. शीर्षक वाचा.

चौथी पायरी: नाहीच जमलं तर

वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि त्यातच मध्यस्थीचा प्रस्ताव ठेवा. दावा दाखल झाल्यावरही मध्यस्थी किंवा लोक अदालत हा मार्ग खुला असतो. लोक अदालतीतल्या तडजोडीवर अपील होत नाही, त्यामुळे प्रकरण खरंच मिटतं.

वाटणीचा दावा कोणताही एक हिस्सेदार लावू शकतो, हिस्सा कितीही लहान असो. मुंबईत २०२४ पासून १० कोटींपर्यंतचे दिवाणी दावे शहर दिवाणी न्यायालयात जातात, त्याहून मोठे उच्च न्यायालयात. कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरवतं, मग प्रत्यक्ष वाटणी. वन बीएचकेचे चार तुकडे होत नाहीत, म्हणून १८९३ चा वाटणी कायदा कामाला येतो. त्यातल्या कलम २ नुसार, निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेल्यांनी मागणी केली तर कोर्ट वाटणीऐवजी विक्रीचा आदेश देऊ शकतं. धाकट्याला एकट्याला हे मागता येत नाही. बहीण सोबत आली की दोघांचे मिळून निम्मे होतात. पण त्याच कायद्याचं कलम ३ थोरल्याला आणि आईला संधी देतं: कोर्टाने ठरवलेल्या किमतीला ते या दोघांचे हिस्से विकत घेऊ शकतात. लिलावाची वेळ त्यानंतर.

यात वर्षं जातात. मधल्या काळात थोरल्याने घर परस्पर विकू नये म्हणून मनाई हुकूम मागा. आणि मुंबईपुरती एक गोष्ट अनेकांकडून सुटते. दावा चालू असताना घेतलेली मालमत्ता निकालाला बांधील असते, पण बृहन्मुंबईत त्यासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवली की शोध घेणाऱ्या प्रत्येक खरेदीदाराला दावा दिसतो. पहिल्याच तारखेच्या आधी हे करून घ्या.

धाकटा वैतागून आपला अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा तिऱ्हाइताला विकायला निघाला, तर? विकता येतो. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २२ इतर वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क देतं, आणि एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सहताबा, म्हणजे घरच्यांसोबत तिथं राहण्याचा ताबा, मागता येत नाही. शहाणा दलाल अशा हिश्श्याला हात लावत नाही. लावला तर कवडीमोलाने.

इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर घाई करा. विकसकाच्या करारावर सदस्याची सही लागते, आणि वारसांची नावं लागलेली नसतील तर बांधकामाच्या काळात विकसक देतो तो भाड्याचा चेक आणि नव्या घराचा ताबा दोन्ही लटकतात.

शेवटी विक्री ठरली, की

खरेदीदाराला सांगून प्रत्येक हिस्सेदाराचा चेक वेगळा घ्या. एकाच्या खात्यात सगळे पैसे घालून ‘मग वाटू’ म्हणू नका. एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असली की खरेदीदार १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापतो, एकेकाचा हिस्सा त्याहून कमी असला तरी. भांडवली नफ्याचा कर ज्याचा त्याने आपल्या हिश्श्यापुरता भरायचा. वारशाने आलेल्या घराला वडिलांची खरेदी किंमत धरतात. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो, त्यासाठी मूल्यांककाचा दाखला आधीच काढून ठेवा. सोसायटीचा हस्तांतर प्रीमियम (घर खरेदीदाराच्या नावावर करण्याची रक्कम) २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. ‘देणगी’च्या नावाखाली मागितला तर लेखी मागा. आईचा चेक आईच्या एकटीच्या खात्यात जमा होईल आणि तिची राहण्याची सोय होईपर्यंत ताबा द्यायचा नाही, ही दोन्ही कलमं विक्री कराराच्या मसुद्यातच घालून घ्या.