रोमन विजयाचं नाणं वाचायचं कसं

रोमन नाणं हातात आलं की लोक आधी ते उलटं करतात. मागे गुडघ्यात डोकं घातलेला कैदी असतो, शस्त्रांचा ढीग असतो, मजा तिथेच. मी मात्र आधी चेहऱ्याच्या बाजूला थांबायला सांगते. तारीख बहुतेकदा तिथेच दडलेली असते.

दिवा डोक्यावर नको. मोबाइलचा टॉर्च टेबलालगत आडवा धरा, झिजलेली अक्षरंही सावली टाकतात. शब्दांमध्ये फट शोधत बसू नका, आणि 'यू' (U) या अक्षराच्या जागी 'व्ही' (V) कोरलेला असतो हे लक्षात ठेवा.

सरावाला सम्राट ट्रेजन उत्तम, कारण तो प्रत्येक विजयाची पदवी नावाला चिकटवत गेला. 'गेर' (GER) म्हणजे जर्मनीविजेता, ही त्याला सम्राट होण्याआधीच, इसवी सन 97 मध्ये मिळाली. 'डाक' (DAC) ही डेशियाची, म्हणजे आजच्या रोमानियाकडच्या राज्यावरच्या विजयाची, 102 च्या अखेरीस. 'पार्थिको' (PARTHICO) ही इराणकडच्या पार्थियाची, 116 मध्ये. म्हणजे नुसतं 'गेर' असेल तर नाणं डेशियाचं पहिलं युद्ध संपण्याआधीचं. 'डाक' दिसलं की मग 'सीओएस' (COS) शोधा, चेहऱ्याच्या बाजूला नसेल तर उलटून. हे कॉन्सल या रोमच्या उच्च पदाचं लघुरूप. त्यापुढे फक्त 'व्ही' असेल तर पाचवं कॉन्सलपद, म्हणजे 103 ते 111. 'व्हीआय' असेल तर 112 किंवा नंतरचं. आता खुशाल तो शस्त्रांवर बसलेला डेशियन बघा. त्याच्या राजानं, डेसेबलसनं, 106 मध्ये पकडले जाण्याऐवजी स्वतःचा जीव घेतला.

अक्षरं पार गेली असतील तर चित्रावर भिस्त. खजुराचं झाड आणि खाली बसलेली शोकाकुल बाई म्हणजे ज्युडिया, ज्यूंचा प्रदेश. टायटसनं 70 मध्ये जेरुसलेम घेतल्यावर त्याचा बाप व्हेस्पेशियन यानं ही मालिका काढली. मगर म्हणजे इजिप्तवरचा विजय, पहिला सम्राट ऑगस्टस याचा. पण इथे नवखे हमखास फसतात: मगर खजुराला साखळीनं बांधलेली असेल आणि चेहऱ्याच्या बाजूला दोन डोकी असतील, तर ते तांब्याचं नाणं गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, नीम शहराचं. इजिप्तविजयाच्या चांदीच्या नाण्यावर मगर एकटीच.

विकत घेताना वजन करा. ट्रेजनचा देनारियस, म्हणजे चांदीचं नाणं, सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरतो. कडेवर सांध्याची रेघ दिसली तर घेऊ नका, साच्यात ओतलेली नक्कल असू शकते. आणि देवाची भांडी घासल्यासारखं चिंच-मीठ लावून चकचकीत करू नका, कृपा करून. जुनी झाक गेली की किंमतही गेली.

सराव झाला की ज्यूंनी रोमविरुद्ध केलेल्या बार कोख्बाच्या बंडातली, 132 ते 135 मधली, ज्यू नाणी बघा. बंडखोरांनी रोमन नाण्यांवरच आपले ठसे मारले. टॉर्च तसाच आडवा धरून फिरवलात, तर काहींवर द्राक्षांच्या घडाखाली रोमन सम्राटाचं नाक सापडतं.