टमरेलवाल्याचा फोटो काढायच्या आधी हे वाचा

उघड्यावर संडासला जाणाऱ्यांना पहाटे अडवणाऱ्या गुड मॉर्निंग पथकात मी पण होतो. पहाटे पाचला शिट्ट्या वाजवत गोदरीकडं निघायचं, कुणी टमरेल घेऊन दिसलं की गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचा न ग्रुपवर टाकायचा, आम्हाला वाटायचं लई भारी काम चाललंय. एकदा एक आजी सापडली. तिनं फूल घेतलंच नाही, टमरेल पदराखाली लपवलं आणि बाभळीकडं तोंड करून उभी राहिली, फोटो तरी काढलाच आम्ही. दुसऱ्या दिवसापासून ती दिसेना, आम्ही खूश. मग कळलं आजी आता साडेतीनला उठून ओढ्यापलीकडं जाते, मिट्ट अंधारात, साप-विंचवाच्या जागी.

तर पहिलं, पहाटे जाऊच नका. संध्याकाळी त्यांच्या घरी जा, एकटे जा, बाईमाणसाशी बोलायचं असेल तर आशाताईला घेऊन जा. "का जाता बाहेर" असं दरडावून विचारू नका, "संडासात काही अडचण आहे का" एवढंच विचारा न गप बसा, लोक आपोआप सांगतात. आजीच्या संडासात सरपण भरलेलं होतं कारण दाराला कडी नव्हती, आणि तिला उकिडवं बसून उठता येत नव्हतं. कडी बसवा, भिंतीला धरायला एक पाइप ठोका, झालं. सीट मधोमध कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची पण चालते.

पाणी लांबून आणावं लागत असेल तर आधी पाण्याचं बघा, उगाच लेक्चर नको.

खड्डा भरला की उपसणार कोण, ही भीती तर घरोघरी असते पण उघड कुणी बोलत नाही. त्यांना चेंबरचं झाकण उघडून दाखवा. दोन खड्डे असतात, एक वापरायचा, दुसऱ्याची वाट बंद ठेवायची, पहिला भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं न पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवायचा, आत नुसतं कोरडं खत राहतं, वास नाही काही नाही.

संडासच नसेल तर पात्र घराला स्वच्छ भारतचे १२,००० रुपये मिळतात, पण बऱ्याचदा बांधून झाल्यावर. आधी पदरचे घालायला हातावर पोट असलेल्याकडं कुठून येणार, दुकानदाराकडं उधारीसाठी शब्द टाका की.

जुने फोटो ज्यानं टाकलेत त्यानंच डिलीट करावे न घरी जाऊन तसं सांगावं. मी गेलो होतो, आजीनं चहा दिला, पण तो विषय काही माझ्या तोंडून निघाला नाही.