'गेट' हा इंग्रजी शब्द कसा पक्का करावा

फाटकाचा 'गेट' नव्हे. ज्याचा भूतकाळ 'गॉट' होतो ते क्रियापद. याचे वीस-पंचवीस अर्थ वहीत उतरवा आणि पाठ करा, असं सर्रास सांगितलं जातं. हा सल्ला चुकीचा आहे. यादी पाठ होते, पण बोलायची वेळ आली की त्यातलं काहीच जिभेवर येत नाही. 'गेट'चा अर्थ 'गेट'मध्ये शोधू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा.

१. पुढे वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं. 'आय गॉट अ लेटर', पत्र मिळालं.

२. पुढे ठिकाण आलं तर पोहोचणं. 'गेट टू द स्टेशन', पण 'गेट होम'. घराआधी 'टू' नको.

३. पुढे विशेषण आलं तर होणं. 'इट्स गेटिंग डार्क', अंधार पडतोय. 'आय वॉज अँग्री' म्हणजे मी रागात होतो. 'आय गॉट अँग्री' म्हणजे मला राग आला. पहिल्यात स्थिती आहे, दुसऱ्यात बदल.

हा शब्द इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ मिळवणं असाच होता. वस्तू हाती येते, ठिकाण गाठलं जातं, अवस्था येते. मूळ एकच आहे हे कळलं की वरच्या तीन पायऱ्यांना अर्धा तास पुरतो.

४. आता खरी अडचण. इथे मी कित्येक महिने अडखळलो, म्हणून सावकाश वाचा.

मराठीत आपण 'मी काल दात काढला' असं बिनदिक्कत म्हणतो. काढणारा डॉक्टर असतो हे ऐकणाऱ्याला कळतं. नोकरीच्या सुरुवातीला मी हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत फोनवर सांगितलं, 'आय रिमूव्ड माय टूथ'. पलीकडचा माणूस क्षणभर गप्प झाला आणि मग काळजीने त्याने विचारलं, स्वतःच? इंग्रजीत कर्ता जो सांगाल, काम त्यानेच केलं असं धरतात. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर 'आय गॉट माय टूथ टेकन आउट' म्हणावं लागतं.

मराठीतलं 'करून घेणं' म्हणजेच हा 'गेट'. रचना पक्की आहे: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. हा क्रम हलला की अर्थ बदलतो. 'आय गॉट द फॉर्म साइन्ड' म्हणजे मी फॉर्मवर सही करून घेतली. 'आय गॉट द साइन्ड फॉर्म' म्हणजे सही केलेला फॉर्म मला मिळाला. शब्द तेच, फक्त 'साइन्ड' 'फॉर्म'च्या आधी आला. ही दोन वाक्यं दहा वेळा मोठ्याने म्हणा.

माणसाचा उल्लेख करायचा असेल तर मध्ये 'टू' हवाच: 'आय गॉट हिम टू साइन'. यात त्याला पटवावं लागलं, मागे लागावं लागलं, अशी छटा बहुधा असते. 'मेक' आणि 'हॅव' यांना हा 'टू' लागत नाही, म्हणून लोक इथेही तो गाळतात. गाळू नका.

एक सावधगिरी. 'आय गॉट माय फोन स्टोलन' यात कुणी काही करून घेतलेलं नाही. फोन चोरीला गेला. रचना तीच आहे, पण असं नुकसान कुणी मुद्दाम ओढवून घेत नाही, एवढा विचार केला की उलगडतं.

५. 'आय गॉट टू मीट हर': तिला भेटायची संधी मिळाली. 'आयव्ह गॉट टू मीट हर': तिला भेटायलाच हवं. फरक त्या बारीक 'व्ह'चा, आणि घाईच्या बोलण्यात तोही गळतो. मग संदर्भच बघायचा: गोष्ट झालेली आहे की व्हायची आहे?

६. 'गेट ओव्हर', 'गेट बाय', 'गेट अलाँग' हे जोडशब्द फोडून समजत नाहीत. प्रत्येक वेगळा शब्द धरून, वाक्यासकट शिका आणि शक्य तिथे मराठी वाक्प्रचाराशी जोडा. 'गेट ओव्हर' म्हणजे सावरणं, 'गेट बाय' म्हणजे कसंबसं भागवणं, 'गेट अलाँग' म्हणजे पटणं, आणि 'गेट अवे विथ इट' म्हणजे करून सवरून नामानिराळं राहणं.