अवयवदानाची इच्छा घरच्यांपर्यंत पोचवली

'नोटो' या अवयवदानाचं काम पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार पडताळणी करून अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदवली. पण आपल्याकडे मेंदूमृत्यू जाहीर झाल्यावर डॉक्टर घरच्यांची लेखी संमती घेतात. घरच्यांनी नको म्हटलं की नोंद असूनही दान होत नाही. म्हणून बायको, मुलगा आणि धाकट्या भावाला एकत्र बसवून काय काय द्यायचं ते स्पष्ट सांगितलं. बायको डोळ्यांपाशी अडली. चेहरा विद्रूप होत नाही, हे तिनं नेत्रपेढीतल्या डॉक्टरांना स्वतः विचारलं, तेव्हाच तिचं मन तयार झालं. हा वेळ द्यायलाच हवा. प्रतिज्ञेचं प्रमाणपत्र आता घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. नेत्रपेढीचा नंबरही सगळ्यांकडे आहे, कारण घरी मृत्यू आला तर डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात.