बँकेच्या स्टेटमेंटमधल्या तारखा एक्सेलमध्ये घेताना

मूळ फाइलची प्रत काढून ठेवा, ते सांगायला नको. लगेच लॅपटॉपचं रीजन सेटिंग (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारीख वाचायची ते ठरवणारं) उघडा आणि शॉर्ट डेटमध्ये आधी दिवस येतो की आधी महिना, ते बघा. मी बघितलं नव्हतं. सोसायटीचा खजिनदार म्हणून एप्रिल २०२४ चा मेंटेनन्स जुळवायला बसलो, तेव्हा लॅपटॉप भाच्याचा होता आणि सेटिंग अमेरिकेचं.

स्टेटमेंटमधली तारीख ही तारीख नसते, मजकूर असतो: ०५/०४/२०२४ १८:४२:१०. (मी इथे मराठी अंक लिहितोय, शीटमध्ये इंग्रजीच ठेवा.) मी डेटव्हॅल्यू, म्हणजे मजकुराची तारीख करणारं फंक्शन, लावलं. १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या ओळींना एरर आली, कारण तेरावा महिना नसतो. त्या मी हाताने दुरुस्त केल्या आणि काम झालं म्हणून चहा घेतला. १ ते १२ तारखांना एरर आलीच नाही. ५ एप्रिलचा ४ मे झाला, १० एप्रिलचा ४ ऑक्टोबर. भरायची मुदत १० एप्रिलची, उशिरावर व्याज वर्षाला २१ टक्के. तळमजल्यावरच्या काकूंनी पाच तारखेला ३००० रुपये भरले होते, त्यांच्या बिलात २४ दिवसांचं व्याज लागलं. रक्कम ४१ रुपये, पण ऐकून किती घेतलं ते विचारू नका.

म्हणून आधी रीजन. गूगल शीट्स असेल तर फाइलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल बघा.

मग लेन लावून अक्षरं मोजा. वरचा मजकूर १९ अक्षरांचा आहे. २० आली तर शेवटी एखादी स्पेस चिकटलेली असते. ती ट्रिमने (जास्तीच्या स्पेस काढणारं फंक्शन) गेली नाही तर ती १६० नंबरची स्पेस, वेबवरून कॉपी केलं की हमखास येते. सबस्टिट्यूटमध्ये (एका अक्षराजागी दुसरं टाकणारं फंक्शन) कॅर १६०, म्हणजे त्या नंबरचं अक्षर, देऊन तिच्या जागी साधी स्पेस टाका, मग पुन्हा ट्रिम.

आता डेटव्हॅल्यूला हातच लावू नका. ते रीजनचं ऐकतं, तुमचं नाही. लेफ्टने पहिली २ अक्षरं म्हणजे दिवस, मिडने चौथ्यापासून २ म्हणजे महिना, सातव्यापासून ४ म्हणजे वर्ष. हे तिन्ही डेट फंक्शनला द्या, वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. मग लॅपटॉप कुणाचाही असो. पण डेट भोळं आहे. महिना १३ दिलात तर कुरकुर न करता पुढच्या वर्षीचा जानेवारी देतं, ३० फेब्रुवारी दिलात तर मार्चमध्ये जातं. त्यामुळे महिना १२ च्या वर नाही ना, हे वेगळ्या कॉलममध्ये तपासा.

वेळेसाठी बाराव्यापासून ८ अक्षरं टाइमव्हॅल्यूला द्या. संध्याकाळचे ६ म्हणजे ०.७५, दिवसाचा पाऊण भाग. पीएम आकड्याला चिकटून असेल तर एक्सेल अडतं, मध्ये एक स्पेस घाला. तारीख आणि वेळ, दोन्हींची बेरीज करा. ४५३८७.७८ असं काही दिसलं तर घाबरू नका, तो ५ एप्रिलच आहे, फक्त फॉरमॅट बदला.

इफएररने (एररच्या जागी दुसरं काही दाखवणारं फंक्शन) चुका झाकू नका. त्या दिसू देत.

आणि रीजन बघितलंत का? नसेल तर निदान मिन आणि मॅक्स, म्हणजे सगळ्यात आधीची आणि सगळ्यात नंतरची तारीख, काढा. एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये जानेवारी किंवा डिसेंबर दिसला की थांबा. मला हे दोन फॉर्म्युले टाकायला अर्धा मिनिट लागला असता.

बाकी इझनंबरने तारीख मजकूर राहिली नाही ना ते तपासणं, दोन-चार ओळी मूळ फाइलशी जुळवणं, फॉर्म्युल्यांऐवजी नुसत्या किमती राहाव्यात म्हणून व्हॅल्यूज म्हणून पेस्ट. बिलं छापण्याआधी पाच तारखेची एक तरी ओळ डोळ्यांनी बघा. तेराची नको, पाचची.