इजिप्शियन ब्रॉन्झ घेताय? या चुका टाळा, आणि चिंच लांब ठेवा

दर महिन्याला कोणीतरी ओसायरिसच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या मृतांच्या देवाच्या, ब्रॉन्झच्या मूर्तीचा फोटो पाठवतं, "दादा, ओसायरिस मिळतोय, स्वस्तात, घेऊ का?" मूर्ती कुठून आली याचे कागद कुठेत विचारलं की ठरलेलं उत्तर, "जुन्या इंग्लिश कलेक्शनमधला आहे म्हणे." अरे, म्हणे म्हणजे काय? टोकली-पॅरी नावाचा एक ब्रिटिश इजिप्तमधून चोरीच्या वस्तू टुरिस्टांच्या खेळण्यांसारख्या रंगवून बाहेर काढायचा, आणि तो नि न्यूयॉर्कचा डीलर शुल्ट्झ, दोघांनी मिळून १९२० च्या दशकातलं 'थॉमस अल्कॉक कलेक्शन' चक्क रचलं, लेबलं चहाच्या पाण्याने जुनी केली. शुल्ट्झ २००२ मध्ये दोषी ठरला. तेव्हापासून पिवळं लेबल दिसलं की मला आधी चहाच आठवतो.

माझी सवय सांगतो. इजिप्तने १९८३ च्या ११७ नंबरच्या कायद्याने प्राचीन वस्तूंचा व्यापार बंद केला, त्यामुळे मूर्ती त्याआधीच देशाबाहेर होती हे दाखवणारं तारखेचं बिल किंवा फोटोसकट लिलावाचा कॅटलॉग हवा, १९७० च्या (चोरट्या व्यापाराविरुद्धच्या युनेस्को कराराच्या) आधीचा असेल तर उत्तम. आणि कागद नुसता बघू नका, वाचा! न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला २०१९ मध्ये सोन्याची शवपेटी इजिप्तला परत द्यावी लागली, तिच्या मे १९७१ च्या निर्यात परवान्यावर शिक्का 'अरब रिपब्लिक ऑफ इजिप्त'चा, आणि देशाचं ते नाव आलं त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे परवाना बनावट.

बाकी पटापट. जुन्या ब्रॉन्झवर चढणारा हिरवा रंग सगळीकडे एकसारखा असेल तर संशय घ्या. विकणाऱ्याला विचारून कापसाला अॅसिटोन लावून पुसा, रंग उतरला तर नमस्कार करून निघा. पायाखालचा खुंट बघा, तो बैठकीत बसवायला असतो, नवा जोडलेला वाटला तर का ते विचारा.

आता माझा गाढवपणा. पहिला ओसायरिस, वीतभर, लंडनच्या घरी आणला आणि धीर नव्हता, आई देवाची भांडी घासायची तशी चिंच-मीठ लावून घासला, लख्ख झाला. काही आठवड्यांत अंगावर फिकट हिरवी भुकटी, पुसली की परत. ब्रॉन्झ डिसीज. मिठातलं क्लोराइड धातूत बसतं, दमट हवा मिळाली की आतून खात सुटतं, आणि वरचा हिरवा-लाल थर, जो खरा पुरावा, तो मीच धुऊन टाकला होता. जुन्या वस्तू जपणाऱ्या कॉन्झर्व्हेटरने वाचवला, बिल मूर्तीच्या निम्म्या किमतीचं. आता तो हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रतेचा मीटर आत, काटा ४० टक्क्यांच्या खाली, दर रविवारी बघतो. मुकुटावरच्या पिसांपैकी एक झडलं ते झडलंच.